तोच आणि तसाच



‘तोच’ आणि ‘तसाच’ हे दोन शब्द आपण रोज बोलतो. शेजारणीच्या घरचा तांब्या पाहून आई म्हणते, “हा अगदी आपल्या तांब्यासारखाच आहे.” हरवलेला तांब्या सापडला की ती म्हणते, “हाच तो.” पहिल्या वाक्यात तांबे दोन आहेत, दुसऱ्यात एकच आहे. हा फरक लहान मुलालाही कळतो. मग त्यावर लेख कशाला, असे तुम्ही विचाराल. परंतु तांब्याच्या बाबतीत न होणारी गल्लत माणसाच्या बाबतीत नेहमी होते, आणि तिची किंमत माणसांनाच मोजावी लागते. म्हणून हा विचार नीट करून पाहिला पाहिजे.

आज आपल्या घरांतील पुष्कळ मुले-मुली संगणकाची भाषा शिकत आहेत. त्यांना हा धडा आरंभीच शिकावा लागतो. पायथन नावाची भाषा १९९१ साली प्रथम लोकांपुढे आली. तिच्यात ‘तेच आहे काय?’ हे विचारण्यासाठी ‘इज’ असा शब्द आहे आणि ‘तसेच आहे काय?’ हे विचारण्यासाठी बरोबरची दोन चिन्हे जोडून लिहितात. समजा, १, २, ३ अशा आकड्यांची एक यादी केली आणि तिला ‘अ’ हे नाव दिले. त्याच यादीला ‘ब’ हे दुसरे नाव दिले. नंतर १, २, ३ अशीच दुसरी नवी यादी करून तिला ‘क’ म्हटले. या क्षणी तिन्ही नावांखालचा मजकूर समान आहे. परंतु अ आणि ब ही एकाच यादीची दोन नावे आहेत. क ही वेगळी यादी आहे. आता ब मध्ये ४ हा आकडा घाला. अ मध्येही ४ दिसू लागेल. क मात्र होती तशीच राहील. नवशिका प्रोग्रामर येथेच फसतो. आपण प्रत काढली असे त्याला वाटते, पण त्याने फक्त दुसरे नाव दिलेले असते.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या आत तिचे न बदलणारे असे काही ‘स्वत्व’ असते तर! तसे काही नाही. प्रत्येक वस्तूला यंत्र एक ओळख-क्रमांक देते. पायथनच्या नेहमीच्या वापरातील आवृत्तीत हा क्रमांक म्हणजे स्मृतीतील जागेचा पत्ता असतो. वस्तू नष्ट झाली की तीच जागा दुसऱ्या वस्तूला मिळू शकते आणि तोच क्रमांकही. म्हणजे ‘तोच’पणा वस्तूच्या गाभ्यात दडलेला नसतो, ती टिकून आहे तोवरचा तो हिशेब असतो. मिलिंदपञ्हात राजा मिलिंदाने भदंत नागसेनांना असाच प्रश्न विचारला होता: जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेनांचे उत्तर होते, तोही नव्हे आणि दुसराही नव्हे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत यांचा दाखला त्यांनी दिला. ज्योत एकसारखी बदलत असते, तरी दिवा दुसरा झाला असे आपण म्हणत नाही.

आता समतेकडे वळू. १९९५ साली आलेल्या जावा या भाषेत वस्तूंची समानता पाहण्यासाठी ‘ईक्वल्स’ नावाची सोय आहे. तुम्ही नव्या प्रकारची वस्तू घडवली आणि समानतेचा नियम लिहिला नाही, तर यंत्र काय करते? ते प्रत्येक वस्तूला फक्त स्वतःशीच समान मानते. दोन वस्तू रेघान् रेघ सारख्या असल्या तरी यंत्राच्या लेखी त्या असमान ठरतात. कोणत्या गोष्टी ताडून पाहायच्या आणि कोणत्या सोडून द्यायच्या, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. शिवाय त्या नियमाला अटी आहेत. प्रत्येक वस्तू स्वतःशी समान असली पाहिजे. अ हा ब शी समान असेल, तर ब सुद्धा अ शी समान असला पाहिजे. अ व ब समान आणि ब व क समान असतील, तर अ व क समान असले पाहिजेत. एकतर्फी समानता तेथे चालत नाही.

समाजाचे निराळे काय आहे? समता आपोआप येत नाही, ती लिहावी लागते. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांची नावे घेऊन सांगितले की, केवळ या कारणांवरून राज्याने कोणा नागरिकाशी भेदभाव करू नये. सर्व नागरिक एकसारखे आहेत असे त्यात म्हटलेले नाही. माणसे भिन्न आहेत हे गृहीत धरूनच कोणता फरक मोजायचा नाही, ते सांगितले आहे.

आणि फरक चुकीच्या जागी मोजला तर काय होते, हे तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या यादीत प्रथम मुख्यतः हिंदूंनाच स्थान होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात धम्मदीक्षा झाली. दीक्षा घेतलेला माणूस गावाच्या नजरेत ‘तोच’ राहिला, पूर्वीचाच अस्पृश्य. आदेशाच्या नजरेत मात्र तो ‘तसा’ राहिला नाही, कारण धर्माच्या रकान्यातील शब्द बदलला होता. एकाच माणसाला एकाने ‘तोच’ म्हणून नाडले आणि दुसऱ्याने ‘तसा नाही’ म्हणून वगळले. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले.

म्हणून बंधू-भगिनींनो, दोन चुका टाळा. ‘आमच्यासारखे व्हा, मग तुम्हांला समान मानू’ असे कोणी म्हटले, तर तो समता देत नाही. तो तुमच्याकडे ‘तेच’ होण्याची मागणी करतो आहे हे ओळखा. आणि ‘सगळे समानच आहेत, मग याच्या जागी तो असला काय’ असे कोणी म्हटले, तर तो समान माणसांना एकच समजतो आहे हेही ओळखा. शंभर माणसे समान असली तरी ती शंभर आहेत. त्यांतील एकाचे दुःख दुसऱ्याच्या सुखाने भरून निघत नाही.

याचा आरंभ घरापासून करता येईल. मुलगा आणि मुलगी समान मानायची म्हणजे दोघांना एकाच साच्यात घालायचे असे नव्हे. त्यांची आवड निराळी असेल, वाट निराळी असेल. परंतु शिक्षण, ताटातील वाढप आणि घरातील शब्दाचा मान या गोष्टी ताडताना तो फरक मोजायचा नाही, एवढे पक्के ठरवा. ‘समान’ हा शब्द कोणीही उच्चारला की शांतपणे विचारा: कोणत्या बाबतीत समान? आणि उलट बाजूनेही समान आहे ना?