दुसरी गोळी

हिंगणघाटजवळ वणा नदीच्या काठी लग्नाच्या वरातींना घोडा देणारा एक माणूस राहत होता. घरात बायको, म्हातारा बाप आणि कमाईचे एकच साधन, एक पांढरा घोडा. तो त्याने दलालाकडून ‘खच्ची केलेला’ म्हणून घेतला होता. घेताना मांड्यांमध्ये हात घालून पाहिले तर काही लागले नाही, फक्त एक जुना व्रण होता. तेवढ्यावर सौदा झाला.

तुळशीचे लग्न झाले आणि लग्नसराई लागली. एका संध्याकाळी दोन वराती समोरासमोर आल्या. पलीकडच्या नवरदेवाखाली घोडी होती. तिला पाहताच पांढरा खिंकाळला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. नवरदेव खाली आला, त्याचे मनगट मोडले. औषधपाण्याचा खर्च घोडेवाल्यावर पडला. पुढच्या वरातीतही तोच प्रकार झाला, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून त्याने काटेरी लगाम आणला. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी 1965 साली केलेल्या केंद्राच्या नियमांत अशा काट्यांना मनाई आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. घोड्याच्या तोंडातून रक्त आले, चाल मात्र तीच राहिली.

ओसरीवरून बाप म्हणाला, “तोंडात काय शोधून रायला बे? रोग तिथं नाही. डाक्टरले दाखव.”

डॉक्टरीणबाई नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या होत्या. वर्धा जिल्हा बैलांचा. गवळाऊ गोऱ्हे इथलेच, आणि ते खच्ची करायला इथे चिमटा वापरतात. कातडी न फाडता चिमटा आतली शीर दाबून टाकतो, रक्ताचा थेंब निघत नाही. पण चिमट्याला धरायला काहीतरी बाहेर असावे लागते. बाईंनी व्रण बोटांनी चाचपला, रक्त तपासायला पाठवले आणि अहवाल आल्यावर घोडेवाल्याला बोलावून घेतले.

“भाऊ, याची एक गोळी काढलेली आहे. दुसरी पोटात आहे.”

“पोटात? मले हे समजून नाही रायलं, डाक्टरीणबाई.”

त्यांनी समजावले. शिंगरू पोटात असताना त्याच्या दोन्ही गोळ्या मूत्रपिंडांजवळ तयार होतात आणि जन्माच्या सुमारास खाली पिशवीत उतरतात. एखाद्याची अर्ध्या वाटेत अडकते. आतल्या उष्णतेत तिच्यात बीज तयार होत नाही, पण नराचे हार्मोन ती बनवतच राहते. बाहेरून खच्ची दिसणारा घोडा आतून पुरता नर असतो. म्हणून अडकलेली गोळी निघाल्याशिवाय खाली उतरलेलीला हात लावायचा नाही, असा घोड्यांच्या शल्यचिकित्सेतला नियम आहे.

घोडेवाल्याने दलालाला गाठले आणि दलालाकडून खच्ची करणाऱ्या कारागिरापर्यंत पोचला. म्हातारा कारागीर बराच वेळ गप्प बसला.

“एकच सापडली जी. दुसरी हाताले लागली नाही. मालकाले सांगतलं असतं तर गावभर झालं असतं, याले येत नाही म्हणून.”

मला या म्हाताऱ्याचा राग येत नाही. पण त्याचे काम बघा. घोडा तसाच सोडला असता तर घेणाऱ्याने पाहून ओळखला असता, जपून वागला असता. त्याने दिसणारी खूण तेवढी काढून टाकली आणि धोका आत ठेवला.

त्याच आठवड्यात वणीकडचा एक गिऱ्हाईक आला. रुबाबदार पांढरा घोडा त्याला फार आवडला, किंमतही चांगली सांगितली. त्यानेही मांड्यांमध्ये हात घातला, त्यालाही काही लागले नाही. समोर ऑपरेशनचा खर्च उभा होता आणि नवरदेवाच्या मनगटाचे देणे अजून फिटायचे होते. बायकोने चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. तो म्हणाला, “भाऊ, याची एक आत आहे. वरातीत नवरदेव पाडला यानं.” गिऱ्हाईक चहा न पिताच उठून गेला.

बाईंनी शर्यतीच्या घोड्यांवर काम केलेल्या एका शल्यविशारदाशी बोलणे केले. घोडा ट्रकने त्यांच्याकडे गेला. आदल्या दिवसापासून त्याचा चारा बंद होता; आतडी भरलेली असली तर दुर्बिणीला काही दिसत नाही. घोडेवाल्याला वाटले होते, आता पाय बांधून पाडतील. तसे झाले नाही. निरोगी घोड्यालाही पूर्ण भूल देऊन आडवे पाडणे जोखमीचे असते. स्वतःच्याच वजनाखाली स्नायू चेंगरतात, उठताना पाय मोडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या 40 हजारांहून अधिक घोड्यांच्या पाहणीत, पोटशूळाची ऑपरेशने वगळूनही, शंभरात जवळपास एक घोडा दगावलेला आढळला होता. म्हणून पांढऱ्याला खोड्यात उभाच ठेवला, गुंगीचे औषध दिले आणि कुशीची जागा बधिर केली. बोटभर रुंदीच्या छिद्रातून दुर्बीण आत गेली, पोटात वायू भरून जागा केली. पडद्यावर गोळी दिसली, छोटी, मऊ, फिकट. दुसऱ्या छिद्रांतून गेलेल्या हत्यारांनी तिची रक्तवाहिनी विजेच्या उष्णतेने बंद केली आणि ती बाहेर काढली. घोडा मान खाली घालून उभा होता. त्याचा मालक मात्र घामाने भिजला होता.

“लगेच वरातीत न्यायचा नाही,” डॉक्टर म्हणाले. “हार्मोन लवकर उतरेल, सवय उतरायला वेळ लागतो. आणि तो लगाम फेकून द्या.”

निघताना ते कागदावर ‘शस्त्रक्रिया यशस्वी’ एवढेच लिहू लागले. घोडेवाल्याने त्यांना थांबवले. “साहेब, सगळं लिहा. आधी एक काढली होती, एक आत सोडली होती, ती आज काढली. कोणत्या बाजूची, तेही लिहा. अन् याची एक नक्कल द्या, त्या म्हाताऱ्याले दाखवतो. त्याच्या हातचे आणखी घोडे असतील.”