सत्तारूढ पक्षाचें मतांतर

मत बदलणें हा दोष नव्हे, हें आतां कोणी शहाणा मनुष्य नाकारीत नाहीं. वीस वर्षांत ज्याचें एकहि मत बदललें नाहीं त्यानें त्या वीस वर्षांत फारसा विचार केला नसावा, असेंच अनुमान बहुधा निघतें. व्यक्तीला जी मुभा आपण देतों ती राजकीय पक्षाला कां देऊं नये ? पक्ष सत्तारूढ असला तर त्याला ती अधिकच द्यावयास पाहिजे. कारण राज्याचा गाडा ओढणाराला जे खांचखळगे लागतात ते विरोधी बाकावर बसलेल्याला दिसत नाहींत. येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण आहे ती पुढें. सत्तारूढ पक्षाचें मत ज्या दिशेला वळतें, त्याच दिशेला पुष्कळदां त्याची खुर्चीहि सरकलेली असते. मग बुद्धीनें खुर्चीला ओढलें कीं खुर्चीनें बुद्धीला, हें ठरवावयाचें कसें ?

कोणाच्याहि अंतःकरणांत शिरून पाहण्याची सोय नाहीं, आणि ज्याचें त्याला तरी तें नीट दिसतें कीं नाहीं याची शंकाच आहे. म्हणून हेतूची चर्चा बाजूला ठेवून इंग्लंडच्या हुजूर पक्षाच्या इतिहासांतील वीसएक वर्षांचा तुकडा मी येथें घेतों. जवळचीं उदाहरणें वाचकाला पुष्कळ सुचतील. पण जवळच्या उदाहरणांत वाचकाचा स्वतःचा पक्ष आडवा येतो. शिवाय या तुकड्यांत एक दुर्मीळ सोय आहे. एकाच पक्षाच्या सरकारनें त्यांत दोनदां आपलें ठरलेलें मत टाकलें. पहिल्या वेळीं तें टाकणाराची सत्ता गेली, दुसऱ्या वेळीं ती राहिली. आणि पहिल्याला ज्यानें विश्वासघातकी म्हणून झोडपलें, तोच दुसऱ्या खेपेचा सूत्रधार होता.

रॉबर्ट पील याला मत बदलण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. कॅथॉलिकांना राजकीय हक्क देऊं नयेत असें वर्षानुवर्षें सांगत आलेल्या या गृहमंत्र्यानें १८२९ सालीं आयर्लंडची परिस्थिति पाहून ते देण्याचें बिल स्वतःच मांडलें. परंतु तत्पूर्वीं त्यानें एक गोष्ट केली. ज्या ऑक्सफर्ड विद्यापीठानें त्याला जुन्या मतासाठीं निवडून दिलें होतें, त्याच्या जागेचा राजीनामा देऊन तो नवें मत घेऊन पुन्हां त्याच मतदारांपुढें उभा राहिला. विद्यापीठानें त्याला पाडलें. वेस्टबरी नांवाच्या एका क्षुल्लक मतदारसंघांतून तो कसाबसा सभागृहांत परत आला.

१८४१ सालीं पील मोठ्या बहुमतानें मुख्य प्रधान झाला तो जमीनदारांच्या बळावर. परदेशी धान्यावरील जकात राखली जाईल, अशीच त्याच्या पक्षाच्या मतदारांची समजूत होती, आणि ती समजूत पक्षानेंच करून दिली होती. पुढें आंकडे पाहतां पाहतां त्याचें मन पालटत गेलें. १८४५ च्या मार्चांत कॉब्डेनचें भाषण ऐकतांना त्यानें हातांतील टिपणाचा कागद चुरगळला आणि शेजारच्या मंत्र्याला म्हटलें, याला उत्तर तुम्हीच द्या, माझ्याच्यानें देववत नाहीं, अशी गोष्ट सांगतात. त्याच सालच्या शरदृतूंत आयर्लंडांतील बटाट्याचें पीक कुजलें. डिसेंबरांत पीलनें राजीनामा दिला. रसेलला मंत्रिमंडळ बनवितां आलें नाहीं, तेव्हां तो परत आला. १८४६ च्या मे महिन्यांत जकात उठविण्याचें बिल कामन्स सभेंत ३२७ विरुद्ध २२९ मतांनीं संमत झालें तें विरोधकांच्या मतांनीं. त्याच्या स्वतःच्या पक्षांतील दोनशेंहून अधिक सभासद विरुद्ध गेले. २५ जूनला लॉर्डांच्या सभेनें बिलावर शिक्कामोर्तब केलें, आणि त्याच रात्रीं खालच्या सभेंत आयर्लंडविषयींच्या दुसऱ्या एका बिलावर पीलचा पराभव झाला. तो पुन्हां अधिकारावर आला नाहीं. जातांना केलेल्या भाषणांत या सुधारणेचें श्रेय त्यानें स्वतः घेतलें नाहीं, कॉब्डेनला दिलें.

पीलवरचा आक्षेप पोकळ नाहीं. त्याचें नवें मत बरोबर होतें एवढ्यानें तो खोडतां येत नाहीं. कारण प्रश्न मताच्या खरेपणाचा नसून वचनाचा आहे. बाजारांत विसार घेऊन सौदा मोडणाराला आपण काय म्हणतों ? माल देणें जमत नसेल तर नको देऊं, पण विसार परत कर. मतदारानें दिलेली सत्ता हा असा विसार आहे. पीलनें डिसेंबरांत तो परत करूं पाहिला, घेणारा पुढें आला नाहीं. सौदा मोडल्यावर मात्र तो त्याच्याजवळ राहिला नाहीं. सौदा मोडण्याआधीं त्यानें पुन्हां मतदारांकडे जावयास हवें होतें, असें कोणी म्हटल्यास मी वाद घालणार नाहीं. १८२९ सालीं त्यानें स्वतःच घालून दिलेला धडा तोच होता.

या काळांत पीलवर सर्वांत जिव्हारीं लागणारे घाव घातले ते बेंजामिन डिझरायलीनें. प्रतिपक्ष आंघोळीला उतरलेला पाहून पीलनें त्याचीं वस्त्रें पळविलीं, ही त्याची कोटी प्रसिद्धच आहे. (आपल्याकडील श्रोत्याला या कोटींत निराळीच कथा आठवेल.) हुजूर पक्षाचें सरकार म्हणजे संघटित ढोंग, असेंहि त्यानें भर सभेंत म्हटलें. यानंतर सहाच वर्षांनीं, १८५२ सालीं, लॉर्ड डर्बी मुख्य प्रधान आणि डिझरायली अर्थमंत्री झाला. ज्या जकातीसाठीं पक्ष फोडला ती पुन्हां बसविण्याचें नांव कोणी काढलें नाहीं. नोव्हेंबरांत खुल्या व्यापाराला मान्यता देणारा ठराव ४६८ विरुद्ध ५३ मतांनीं संमत झाला. त्या ५३ जणांविषयीं मला नेहमीं थोडी आपुलकी वाटत आली आहे. त्यांचें अर्थशास्त्र चुकीचें होतें, पण स्मरणशक्ति शाबूत होती.

खरी कसोटी आली ती १८६७ सालीं. आदल्या वर्षीं रसेल आणि ग्लॅडस्टन यांनीं मताधिकार थोडासा वाढविण्याचें बिल आणलें, तेव्हां तें लोकसत्तेच्या पुराचें दार उघडणारें आहे असें म्हणून हुजूर पक्षानें कांहीं असंतुष्ट लिबरलांच्या साह्यानें तें पाडलें, आणि डर्बीचें अल्पमतांतील सरकार अधिकारावर आलें. त्याच सरकारनें सात-आठ महिन्यांत स्वतःचें बिल आणलें. त्याला पुष्कळ कुंपणें घातलेलीं होतीं. परंतु बिल पडलें तर सरकार पडणार हें उघड असल्यामुळें डिझरायलीनें तीं एकेक करून काढूं दिलीं. मे महिन्यांत हॉजकिन्सन नांवाच्या एका लिबरल सभासदाची दुरुस्ती त्यानें पत्करली. तिनें एका फटक्यांत कित्येक लाख मतदार वाढले. इंग्लंड-वेल्समधील सुमारें दहा लाख मतदारांचे जवळजवळ वीस लाख झाले. ग्लॅडस्टननें मागितलें होतें त्याहून कितीतरी अधिक देऊन ग्लॅडस्टनचे विरोधक खुर्चीवर राहिले. डर्बीनें निदान, ही अंधारांतली उडी आहे, एवढें तरी कबूल केलें. डिझरायलीनें मात्र ऑक्टोबरांत एडिंबरो येथें सांगितलें कीं, आपण इतकीं वर्षें पक्षाला शिक्षण देत होतों !

फळ वाईट होतें काय ? मुळींच नाहीं. शहरांतील मजुराला मिळालेलें मत खरें होतें, आणि तें कोणाच्या हातून मिळालें याची विवंचना त्यानें करण्याचें कारण नव्हतें. माझी तक्रार फळाबद्दल नाहीं. जो म्हणतो, काल मी अमुक सांगत होतों, आज तें मला चुकीचें वाटतें, तो ऐकणाराला मोकळा ठेवतो. पटलें तर या, न पटलें तर सोडा. जो म्हणतो, माझें मत पहिल्यापासून हेंच होतें, तो ऐकणाराकडे विस्मृतीची मागणी करतो. पक्षाचें नांव तेंच, निशाण तेंच, पुढारी तेच. आंतला अर्थ तेवढा रात्रींतून बदललेला. हें कांहीं इंग्लंडचेंच वैशिष्ट्य नव्हे. चीनच्या कम्युनिस्ट पक्षानें २००२ सालीं आपल्या घटनेंत दुरुस्ती करून खाजगी उद्योगपतींना सभासदत्वाचें दार उघडलें, आणि दारावरची पाटी तीच ठेवली.

याचा सर्वांत वाईट परिणाम विरोधकांवर होत नाहीं, पक्षाच्या साध्या सभासदांवर होतो. १८६६ सालीं ज्यांनीं मनापासून ग्लॅडस्टनच्या बिलाविरुद्ध भाषणें केलीं, त्यांनाच दुसऱ्या वर्षीं त्याच्या दुप्पट मोठ्या बिलाच्या बाजूनें उठावें लागलें. त्यांना कोणी पटवून दिलें नव्हतें. ते फक्त पुढाऱ्याच्या मागें चालावयास शिकले. आणि असें शिकलेला पक्ष पुढचा पुढारी कोणत्याहि बाजूला नेऊं शकतो, चांगल्याहि आणि वाईटहि.

व्यवहारी मनुष्य यावर म्हणेल, पीलच्या वाटेनें जाणारे पक्ष मरतात. म्हणणें खोटें नाहीं. १८४६ नंतर हुजूर पक्षाला बहुमत मिळावयास १८७४ साल उजाडावें लागलें, आणि पीलचे अनुयायी १८५९ पर्यंत लिबरल पक्षांत मिसळून गेले. डिझरायलीचा पक्ष मात्र जगला, अजूनहि जगतो आहे. परंतु जगला तो कोण ? संस्था जगली, माणसें अधिकारावर राहिलीं. १८४६ सालीं ज्या मतासाठीं पक्ष फोडण्याइतका संताप आला होता, तें मत मात्र कोणी जगविलें नाहीं.

१८६७ च्या मार्चांत या बिलामुळें तीन मंत्र्यांनीं राजीनामे दिले. एक कारनार्व्हन. दुसरा जनरल पील, सर रॉबर्टचा सख्खा भाऊ. तिसरा लॉर्ड क्रॅनबोर्न, त्या वेळचा भारतमंत्री. १८६६ च्या ओरिसांतील दुष्काळांत आरंभींचे दोन महिने आपण कांहीं केलें नाहीं, त्या दोषांतून आपली सुटका नाहीं, असें पुढें जाहीरपणें सांगणारा मंत्री तो हाच. त्यानें ऑक्टोबरांत ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’मध्यें आपल्या पक्षाच्या या शरणागतीवर जो लेख लिहिला, त्याच्याइतका कडवट लेख विरोधकांनींहि लिहिला नसेल. १८७४ सालीं डिझरायलीला बहुमत मिळालें, तेव्हां सॉल्सबरी हें वडिलांचें नांव घेऊन क्रॅनबोर्न त्याच्या मंत्रिमंडळांत शिरला तो पुन्हां भारतमंत्री म्हणूनच. आणि पुढें त्याच वाढलेल्या मतदारांच्या मतांवर तो तीनदां मुख्य प्रधान झाला. जनरल पील १८६८ सालीं पार्लमेंटांतून बाहेर पडला होता. तो परत आला नाहीं.