न दिसणे आणि नसणे

गुजरातच्या पश्चिम टोकावर गोमतीची खाडी जिथे समुद्राला मिळते, त्या द्वारकेच्या संगमावर समुद्रनारायणाचे मंदिर आहे, आणि त्याच्या समोरच्या उथळ पाण्यात गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी, आधी एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली व नंतर इतरांच्या, १९८३पासून हंगामाहंगामाने बुड्या मारून तळाचा नकाशा काढला. त्यापूर्वी १९६३ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने द्वारकाधीशाच्या मंदिरालगत जमिनीवर उत्खनन केले होते. या स्थळाच्या शोधात पुण्या-गोव्याच्या संस्थांचा वाटा किती मोठा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. सांगितले जाते ते एवढेच की कृष्णाची द्वारका सापडली, किंवा सापडली नाही. दोन्ही वाक्ये घाईची आहेत, पण दुसऱ्या वाक्यामागे दडलेला प्रश्न भारतीय तत्त्वज्ञांनी फार पूर्वी आणि फार बारकाईने हाताळला आहे: एखादी वस्तू न दिसणे आणि ती नसणे यांचे नाते काय, आणि पहिल्यावरून दुसरे केव्हा म्हणता येते?

शोध कोठे घ्यायचा, याबद्दल ग्रंथांचेच एकमत नाही. महाभारताचे मौसलपर्व, म्हणजे यादवांच्या नाशाची कथा सांगणारे पर्व, अर्जुन उरलेल्या लोकांना घेऊन निघताच समुद्राने नगरी बुडवली असे सांगते. विष्णुपुराण आणि भागवत मात्र कृष्णाचे निवासस्थान समुद्राने वगळले असे म्हणतात. म्हणजे शब्दप्रमाण, अर्थात विश्वसनीय वचनातून मिळणारे ज्ञान, पाणबुड्याला दोन वेगळ्या आज्ञा देते: एकीच्या हिशोबाने कृष्णाचे घरही पाण्याखाली शोधायचे, तर दुसरीच्या हिशोबाने ते पाण्याखाली न मिळणे हेच ग्रंथाला धरून आहे. शिवाय सौराष्ट्राच्याच किनाऱ्यावर कोडिनारजवळ मूळ द्वारका नावाचे दुसरे स्थळ आहे, ते निराळेच.

नकाशा प्रत्यक्षात कसा तयार होतो, हे पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे वजन कळत नाही. किनाऱ्यावरून घेतलेली बुडी म्हणजे बोटीचा आधार न घेता खडकांवरून किंवा वाळूवरून चालत पाण्यात शिरून घेतलेली बुडी. तिचा पल्ला कमी, पण मोजणीच्या दृष्टीने तिला एक मोठी सोय असते, ती अशी की जमिनीवरची एखादी न हलणारी खूण, घाटाची पायरी किंवा भिंतीचा कोपरा, हाच आरंभबिंदू करता येतो. तेथून तळावर आधाररेषा म्हणून मोजफीत ताणली जाते, रेषेवरच्या दोन बिंदूंपासून दगडाचे अंतर मोजले जाते आणि दगड रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे टिपले, की त्रिकोण पुरा होऊन त्याची जागा पक्की होते. ही अंतरे, होकायंत्राची दिशा, खोली आणि घड्याळातील वेळ पाणबुड्या प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहितो. वेळ लिहायची राहिली तर खोलीचा आकडा फुकट जातो, कारण तो भरती-ओहोटीबरोबर बदलत असतो आणि वेळ ठाऊक असेल तरच एका ठरावीक पातळीशी जुळवून घेता येतो.

या सगळ्या खटाटोपाचे कारण असे की पाण्याखाली डोळा साक्षीदार म्हणून कच्चा ठरतो. मुखवट्याच्या काचेपाशी प्रकाश वळत असल्याने चार मीटरवरचा दगड तीन मीटरवर असल्यासारखा, आणि म्हणून सुमारे एक-तृतीयांशाने मोठा, दिसतो. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विझत जातो, त्यामुळे भाजलेल्या मातीचे खापर करड्या खडकात मिसळून जाते. न्यायसूत्रांनी प्रत्यक्षाच्या लक्षणात ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे वस्तूशी न फटकणारे, असले पाहिजे अशी अट घातली आहे. पाण्यातल्या दृष्टीला ती पाळता येत नाही, आणि मौज अशी की हे पक्के ठाऊक असलेल्या पाणबुड्यालाही दगड मोठाच दिसत राहतो. त्याचा भरवसा फितीवर असतो. फीतही डोळ्यानेच वाचायची हे खरे, पण तिच्यावरचा आकडा मोठा दिसला म्हणून बदलत नाही.

जे दिसते त्याची चूक अशी दुरुस्त करता येते. जे दिसत नाही त्याचे काय करायचे, हा अधिक अवघड प्रश्न. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसक, आणि या बाबतीत त्यांच्याबरोबर जाणारे अद्वैत वेदान्ती, अनुपलब्धी म्हणजे न आढळणे हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात: जमिनीवर घडा नाही, हे घडा न आढळण्यातूनच कळते. नैयायिकांना हे वेगळे साधन मान्य नाही. त्यांच्या मते अभावही इंद्रियालाच कळतो, न आढळणे त्याला साहाय्य तेवढे करते. प्रभाकरांचे अनुयायी तर अभाव नावाचा निराळा पदार्थच मानत नाहीत. पण पहिले दोन पक्ष कितीही भांडले तरी योग्यतेच्या अटीवर त्यांचे जुळते. वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिचे न दिसणे काही सांगते. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही, आणि पिशाच मुळातच अदृश्य मानलेले असल्याने ते दिसले नाही यावरून कोणताही निष्कर्ष निघत नाही.

समुद्रतळावर ही योग्यता चक्क दोराने मोजता येते. वर्तुळाकार शोधात तळावर खुंटी रोवून तिला दोर बांधतात. पाणबुड्या दोराचे टोक धरून एक फेरी मारतो, मग दोर थोडा सोडून पुढची फेरी. दोर किती सोडायचा हे त्या दिवशी पाण्यात किती लांबचे दिसते यावर अवलंबून असते: दोन मीटरपर्यंतच दिसत असताना दोर पाच मीटरांनी सोडला, तर दोन फेऱ्यांमध्ये एक मीटर रुंदीचा पट्टा कोणीही न पाहिलेला उरतो, आणि नकाशावर मात्र तो रिकामा म्हणून उतरतो. वाळूच्या थराखाली तर दृष्टी जातच नाही. वाळूखाली भिंत नाही असे केवळ नजरेच्या आधारे म्हणणारा पाणबुड्या आणि पिशाच दिसले नाही म्हणून ते नाही असे म्हणणारा माणूस प्रमाणशास्त्राच्या दृष्टीने शेजारी शेजारीच बसतात.

द्वारकेसमोर भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून सुमारे ६ मीटर खोलीपर्यंत घडीव दगडांच्या रचना विखुरलेल्या आढळल्या, आणि दोर ओवण्यासाठी भोके पाडलेले दगडी नांगर त्यांच्या आसपास व त्याहूनही खोल पाण्यात मोठ्या संख्येने मिळाले. एवढे प्रत्यक्ष. येथे गजबजलेले बंदर होते हे त्यावरून केलेले अनुमान, आणि ते भक्कम आहे. वयाच्या बाबतीत मात्र दगड मुका असतो, कारण रेडिओकार्बन पद्धतीला सेंद्रिय पदार्थ लागतो; राव यांनी या अवशेषांचा संबंध महाभारतातील द्वारकेशी जोडला, तर त्याच संस्थेतील नंतरच्या संशोधकांनी यांतील बऱ्याच रचना पुष्कळ अलीकडच्या, ऐतिहासिक काळातील बंदराच्या असाव्यात असे मत मांडले. हा मतभेद अभ्यासकांचा आहे आणि तो दिसलेल्या दगडांविषयी आहे. लोकांत चालणारा वाद मुख्यतः नकाशातल्या कोऱ्या जागांवर पोसला जातो: एकाला तेथे अजून हाती न लागलेला राजवाडा दिसतो, दुसऱ्याला पुराणांचे खंडन.

खुद्द मीमांसकांना या वादाचे नवल वाटले असते. वेदवाक्यांत विधी कोणता व अर्थवाद कोणता हे त्यांनी वेगळे केले. विधी काय करावे ते सांगतो, अर्थवाद त्या कर्माची स्तुती किंवा निषिद्धाची निंदा करतो आणि त्याचे तात्पर्य घडलेल्या हकिकतीत नसते. महाभारतातील कथांकडेही कुमारिलांनी याच दृष्टीने पाहिले. भक्ताला हा निवाडा जसाच्या तसा पचणार नाही, कारण त्याचा कृष्ण हा कोणत्या कर्माची भलामण करणारे उदाहरण नव्हे. तरीही चार धामांपैकी एक म्हणून द्वारकेला आलेला यात्रेकरू गोमतीत स्नान करून मंदिराच्या पायऱ्या चढतो, तेव्हा त्याची द्वारका ६ मीटर खोलीवरच्या शिळेच्या वयावर उभी नसते. तिला पुराव्याचा टेकू देण्याचा उत्साह तिच्या हिताचा नाही. दगड सापडल्याने जी श्रद्धा सिद्ध झाली असे म्हणायचे, ती दगड न सापडल्याने खोटी ठरली असेही मग मान्य करावे लागते.

द्वारकेच्या समुद्रतळाचा नकाशा हाती आला, तर वाचकाने त्यावरचे दगड मोजण्याआधी पाणबुडे कोठून परत फिरले ती हद्द शोधावी, आणि पाहून मोकळी आढळलेली जागा व पाहिलीच न गेलेली जागा निरनिराळ्या खुणांनी दाखवली आहे का ते तपासावे. दोन्ही एकाच पांढऱ्या कागदाने दाखवल्या असतील, तर त्या कोरेपणावरून द्वारका तेथे नव्हती असे म्हणू नये, आणि ती तेथेच दडली आहे असेही म्हणू नये.