तेरणाकाठची काळी माती आणि धाग्याची पिके

ज्यांच्या बोंडातून, सालीतून किंवा पानातून धागा मिळतो त्या पिकांना तंतुपिके म्हणतात. कापूस, अंबाडी आणि घायपात ही त्यांची अनुक्रमे उदाहरणे होत. ती कोठे पिकावीत हे माती आणि हवामान ठरवते, असे भूगोलाची पाठ्यपुस्तके सांगतात. धाराशिव जिल्ह्यापुरते हे विधान अर्धेच खरे आहे.

बेसॉल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या झिजेतून बनलेली येथील काळी माती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यातील चिकण कण पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मृगात पेरलेल्या कापसाच्या सोटमुळाला पाऊस सरल्यावरही खालची ओल मिळत राहते. पीक गारठवून मारणारी थंडी येथे पडत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास आकाश निरभ्र राहिले तर बोंडे स्वच्छ फुटतात. तेरणा, मांजरा आणि सीना यांच्या खोऱ्यांत ही माती खोल आहे. बालाघाटाच्या माथ्यावर मात्र थोडे खणताच मुरूम लागतो.

तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत, तगरहून साधे कापड आणि नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. एवढ्यावरून तो सारा कापूस तेरच्याच शिवारातला होता असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण पेठ दूरदूरचा माल गोळा करते. पण भोवतालचा मुलूख काळ्या मातीचाच होता.

आज त्याच मातीत खरिपाला प्रामुख्याने सोयाबीन दिसते. माती बदललेली नाही आणि कापसाला तिने मनाई केलेली नाही. परंतु येथे पावसाचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो, बोंडे भरत असताना तो लागून राहिला की ती सडतात, वेचणीला मजूर मिळत नाहीत आणि कापूस हिवाळ्यापर्यंत शेत अडवून बसतो. सोयाबीन सुमारे 100 दिवसांत निघून हरभऱ्याला किंवा ज्वारीला रान मोकळे करते. (सप्टेंबरचा पाऊस सोयाबीनलाही सोडत नाही, ही गोष्ट वेगळी.)

अंबाडीची गत निराळी झाली. कमी पावसात तगणारे हे पीक ज्वारी-तुरीच्या पाट्यांत सहज येई. परंतु वाख काढण्यासाठी तिची ताटे काही दिवस पाण्यात कुजवावी लागतात, आणि बंगालच्या ज्यूटला मुबलक लाभणारे साचलेले पाणी या अवर्षणप्रवण भागात हिवाळ्यात दुर्मीळ असते. त्यामुळे तिचा धागा घरच्या दाव्या-कासऱ्यांपुरताच राहिला, आणि नायलॉनचे दोर आल्यावर तीही गरज सरली. अंबाडी आता भाजीसाठी पेरली जाते.