उघडून पाहावे की झाकून निघावे?

वारीला निघायचे तर मागची व्यवस्था लावून निघावे, अशी आपल्याकडे जुनी शिकवण आहे. पेरणीकडे कोण पाहणार, गुरांना पाणी कोण दाखवणार, म्हाताऱ्या माणसाचे औषध कोण आणणार, हे ठरल्यावाचून खऱ्या वारकऱ्याचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडत नाही. पण समजा, निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या एखाद्याच्या ध्यानात आले की, पुऱ्या झालेल्या कामात एक दोष राहून गेला असण्याचा संभव आहे. संभव इतकाच; खात्री नाही. सांगावे तर वारकऱ्याचा नेम चुकतो. न सांगावे तर तो निश्चिंत मनाने जातो, नाम घेतो, परत येतो. अशा वेळी दुसऱ्याच्या पुण्यकार्यात विघ्न नको म्हणून मौन धरणे हा धर्म की अधर्म?

हा प्रश्न मला पोथीत भेटला नाही. तो आमच्या मांगरात, एका जुन्या जीपगाडीच्या पोटाखाली भेटला. म्हणून तिथूनच सांगतो. गाडीघोड्याची गोष्ट आहे म्हणून वाचकांनी कंटाळू नये.

आमचे गाव पूर्णगड. मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे टेकाडावर लहानसा किल्ला आहे, त्याच्या दरवाज्याशी मारुतीराय आहेत. रत्नागिरीला जायचे तर वाट पावसवरून. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. ज्ञानेश्वरी ज्यांनी अभंगरूपाने सोपी करून आपल्या हाती दिली, ते स्वामी १९७४ साली समाधिस्थ झाले. आमचे आबा त्या वाटेने कितीही घाईत असले तरी मठाशी क्षणभर गाडी उभी करीत, हात जोडीत आणि मगच गिअर टाकीत.

आबांची गाडी म्हणजे विलिस जातीची जुनी जीप. स्वातंत्र्यानंतर लवकरच या गाड्यांची जोडणी मुंबईत होऊ लागली. त्यांतलीच एक कितीतरी हात फिरून आबांकडे आली होती. दिवसा भाडे, आणि रात्री-अपरात्री कोणी अडले-नडले तर त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात पोचवणे, हा तिचा धर्म. १९८६ सालच्या उन्हाळ्यात ती थकली. निळा धूर सोडू लागली, तेल पिऊ लागली, चढाला धापा टाकू लागली. आबा म्हणाले, "आता वरवर मलमपट्टी नको. सगळं उघडू." मी तेव्हा वीस वर्षांचा. गाडी चालवण्याचा परवाना नुकताच हाती पडलेला, आणि सगळे येते असे वाटण्याचे ते वय.

इंजिन साखळीने उचलून काढले आणि मांगरात गोणपाट अंथरून त्यावर ठेवले. आबांचा पहिला दंडक असा, की सुटलेला प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, सुटला त्याच क्रमाने मांडायचा. पहिल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह पहिल्याच जागी परत जायचा, कारण इतक्या वर्षांत तो तिथेच झिजून बसलेला असतो. सिलिंडर झिजून अंडाकृती झाले होते. ते रत्नागिरीला नेऊन बोअर करून आणले आणि त्या मापाचे मोठे पिस्टन घातले. रिंगांच्या तोंडांतली फट फीलर गेजने मोजली. व्हॉल्व्ह दळण्याची पेस्ट लावून हाताने घासघासून त्यांच्या बैठकीवर बसवले, वर रॉकेल ओतले, आणि थेंब खाली झिरपत नाही हे पाहूनच पुढे गेलो.

क्रँकशाफ्टची परीक्षा मला विशेष आठवते. आबांनी तो दोरीने टांगला आणि लहान हातोडीने टिचकी मारली. देवळातली लहान घंटा वाजावी तसा तो वाजला. आबा म्हणाले, "भेग असती तर बद्द वाजला असता. गोरोबाकाकांनी हेच केलं की!" तेरच्या गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली ही कथा आपण सारेच जाणतो. परंतु त्या कथेतली एक गोष्ट आपण घाईत सोडून देतो. नामदेवांचे मडके कच्चे निघाले, यात त्यांचा कमीपणा नाही. 'कच्चे' हा शब्द सर्वांसमोर उच्चारला गेला, तो त्यांनी झोंबला तरी ऐकला, आणि विसोबा खेचरांचे पाय धरले. त्यांच्या थोरवीची सुरुवात तिथून झाली. तो शब्द कोणी दयेपोटी गिळला असता, तर नामदेवांवर ती दया झाली असती काय?

असो. ज्येष्ठ वद्य षष्ठीला काम पुरे झाले. इंजिन गाडीत चढले, सुरू झाले, धूर गेला, आवाज गोड आला. आबांची पडशी भरलेली होती. सप्तमीला पहाटेची एस.टी. धरायची, अष्टमीला आळंदीत माउलींचे प्रस्थान डोळे भरून पाहायचे, आणि पुढे दिंडीबरोबर पंढरीपर्यंत पायी, हा त्यांचा अनेक वर्षांचा नेम. प्रस्थान त्यांनी एकदाही चुकवले नव्हते. त्यांच्यामागे गाडी मी चालवायची, असे ठरले होते.

रात्री मी मांगर झाडायला गेलो. गोणपाट उचलले, तर खाली एक नवा लॉकनट!

ज्यांना यंत्राची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणारा जो दांडा, त्याचे खालचे तोंड दोन बोल्टांनी आवळलेले असते. मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या हादऱ्याने नट सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर पातळ पत्र्याचा एक लॉकनट बसवतात. चार दांडे, आठ बोल्ट, आठ लॉकनट. आम्ही आठच आणले होते. ते एकेक करून आबांच्या हाती देणारा मीच होतो. मग हा इथे कसा? एक बसायचा राहिला काय? राहिला असेल तर नट आज ना उद्या सैल होणार, आणि दांडा सुटला तर तो इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. हे उतारावर, पावसात, मागे पेशंट निजलेला असताना झाले तर?

मी तो लॉकनट मुठीत धरून बराच वेळ तिथेच बसलो. मनाने काय काय सांगितले ते लपवत नाही. आधी ते म्हणाले, 'जुनाच कुठला तरी असेल.' पण तो नवा होता. मग म्हणाले, 'दोन आठवडे गाडी काढूच नकोस.' आणि शेवटी फार गोड बोलले: 'आबांना जाऊ दे. इतक्या वर्षांचा नेम, तुझ्या वेंधळेपणाने का मोडावा? उद्या ते गेले की तू एकटाच उघड आणि पाहा. त्यांना कळायलाही नको.'

वाचकहो, या शेवटच्या बोलण्याशी थांबा. माझ्या मते सारा प्रश्न इथेच आहे. उघड खोटे बोलण्याचा मोह आपल्याला क्वचित होतो. पण भय जेव्हा दयेचा अंगरखा घालून येते तेव्हा ते ओळखू येत नाही. मला आबांच्या वारीची काळजी होती हे खरे, पण आबांच्या नजरेची भीती त्याहून मोठी होती, हे त्याहून खरे. दोहोंतले कोणते बोलते आहे हे ओळखावे कसे? माझी कसोटी एवढीच, की ज्या दयेमुळे आपली स्वतःची लाज वाचते, त्या दयेवर विश्वास ठेवू नये.

दुसरे असे की, तो संशय माझ्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. इंजिन आबांनी बांधले होते, गाडी त्यांची होती, बसणारे लोक त्यांच्या भरवशावर बसणार होते. ज्याचे काम, त्याच्यापासून त्या कामाचा दोष लपवून त्याला शांती देणे म्हणजे खोटे नाणे देऊन 'दान केले' म्हणण्यासारखे. आबा टाळ वाजवीत चालले असते, मनात म्हणाले असते 'मागे सगळे ठीक आहे', आणि ते वाक्य मी त्यांच्या मनात ठेवलेले असत्य ठरले असते.

मी उठलो आणि आबांना जागे केले. मूठ उघडून दाखवली. आबा रागावले नाहीत. लॉकनट उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. पहाटे उघडू."

मी म्हटले, "आबा, तुम्ही जा. मी गाडी बंद ठेवतो."

"बंद ठेवशील. आणि मध्यरात्री कोणी दार ठोठावलं, बाई अडलीय म्हणून, तर नाही म्हणशील?"

मला उत्तर सुचले नाही. "पण प्रस्थान?" मी विचारले. आबा हसले. "विठोबाला थांबायची सवय आहे. पुंडलिकानं वीट दिली, ती काय बसायला दिली होती?"

सप्तमीला दिवसभर पाऊस कोसळत होता. गाडी चिऱ्यांवर चढवली, तेल काढले, इंजिनाच्या तळाची परात उतरवली. आबा खाली शिरले, मी बॅटरी धरली. ते बोटांनी चाचपून एकेक मोजीत होते, माळेचे मणी ओढावेत तसे. "एक. दोन. तीन." पाचाला थांबले, पुन्हा चाचपले, पुढे गेले. "सात." मग क्षणभर नुसता पावसाचा आवाज. "आठ."

आठही जागेवर होते. रत्नागिरीच्या दुकानदाराने आठांचे पैसे घेऊन चुकून नऊ दिले होते, आणि आम्ही घेताना मोजले नव्हते!

नवी पॅकिंग कापून परात बसवली, तेल भरले, इंजिन चालवून पाहिले, तोवर रात्र झाली. शेवटची गाडी गेली होती. मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "म्हणजे आबा, फुकटच उघडलं." आबा हात पुशीत म्हणाले, "फुकट कसं? काल तुझ्यापाशी संशय होता, आज नाही. मोजून पाहिल्यावर बरोबर आलं, ते आधीच्या बरोबरसारखं नसतं."

हे वाक्य मी पुढे अनेकदा मनात घोळवले आहे. नाथमहाराजांची कथा पाहा. जनार्दनस्वामींच्या हिशेबात एक पै चुकली, ती शोधायला त्यांनी रात्र जागवली, आणि सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. पै किती मोलाची? पण हिशेब जुळल्याचा आनंद पैच्या मोलाचा नसतो. त्याच नाथांनी पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहून पाठ शुद्ध केला. जे पूज्य आहे ते उघडून पाहू नये, असे ते म्हणाले नाहीत. पूज्य आहे म्हणूनच उघडले. ताडून पाहताना जी ओवी मुळात शुद्धच निघाली असेल, तिच्यावर घातलेला वेळ वाया गेला, असे कोण म्हणेल?

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. 'काम हीच पूजा' म्हणून वारी टाळणारे आपल्यात कमी नाहीत. सावतोबांचा मळा पुढे करून घरी लोळणे सोपे असते. माउलींनी अठराव्या अध्यायात विहित कर्माला पूजेचे स्थान दिले आहे, ते सोय म्हणून नव्हे. ज्याला जायचेच नव्हते त्याचे थांबणे आणि ज्याचा जीव आळंदीकडे ओढत होता त्याचे थांबणे, ही एका मापाने मोजता येत नाहीत. अष्टमीला आबा पहाटेच्या एस.टी.ने निघाले आणि पुण्यात दिंडीला मिळाले. प्रस्थान चुकले ते चुकलेच. त्याची हळहळ त्यांना पुढे कित्येक वर्षे होती. ती त्यांनी कधी लपवली नाही. खरे बोलण्याला मोल पडते, आणि पुष्कळदा ते दुसऱ्याने भरावे लागते. ते भरून झाल्यावर आबांनी मला एकदाही ऐकवले नाही, यातच मला त्यांची वारी दिसली.

आबा पंढरीला गेले असताना दोनदा मध्यरात्री दार वाजले. दोन्ही वेळा मी गाडी काढली. पावसचा रस्ता, वळणे, काचेवर पाण्याचे लोट, मागे कण्हणारा माणूस. त्या वाटेवर मी भ्यालो नाही असे नाही, पण इंजिनाला भ्यालो नाही. तो लॉकनट मुठीत ठेवून मी गप्प बसलो असतो, तर प्रत्येक चढावर मला त्याचाच आवाज आला असता.

तो नववा लॉकनट आज माझ्याजवळ नाही. अष्टमीच्या सकाळी पुण्याची गाडी धरण्याआधी आबा रत्नागिरीत त्या दुकानाशी गेले, दार उघडेपर्यंत पायरीवर बसले आणि त्याचा लॉकनट त्याला परत करून मग स्टँडकडे वळले.

म्हणून माझी वारकरी बंधुभगिनींना विनंती एवढीच: निघण्याआधी एकदा आपापला मांगर झाडून पाहावा. कुणा मुला-सुनेच्या मुठीत काही असेल, तर ती मूठ उघडायला त्यांना भय वाटणार नाही असे आपले मुख असावे. पंढरीचा राजा विटेवर उभा आहे. तेवढा वेळ तो थांबेल.

रामकृष्णहरि.