बाहेरकाठ्याचे आरोग्य

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ मागे टाकले की डोलवी लागते, मग गडब, पुढे कासू, आमटेम आणि नागोठणे. पश्चिमेकडे पाहिले तर सपाट भातशेती दिसते. ती कशाच्या भरवशावर उभी आहे, हे मात्र गाडीत बसून कळत नाही. धरमतर खाडीचे खारे पाणी आणि भाताची खाचरे यांच्यामध्ये मातीचा बांध असतो. पेण-अलिबागच्या खारेपाटात त्याला बाहेरकाठा म्हणतात. उधाणाच्या भरतीत या बांधाला कुठेही खांड गेली, की आपल्या वाट्याचा बांध जिवापाड जपणाऱ्याचे शेतही बुडते आणि त्याकडे ढुंकून न पाहणाऱ्याचेही. खार चढलेल्या जमिनीत पुन्हा नीट भात पिकायला कधीकधी काही पावसाळे जावे लागतात.

पूर्वी या बांधांची निगा गावकरी आपसात श्रम वाटून घेऊन राखत. त्या रीतीला जोळ म्हणत. माणसे आपापल्या घरून कुदळ-घमेली घेऊन येत आणि चिखल थापून बांध सावरत. १९४८ मध्ये मुंबई इलाख्यात खारजमिनींसाठी कायदा झाला, बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली आणि जोळ मागे पडली. आता खांड गेली की अर्ज जातो, पाहणी होते, पंचनामा होतो.

सार्वजनिक आरोग्य म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या बांधावर उभे राहावे. दवाखान्यातला डॉक्टर एका माणसाचा ताप उतरवतो. तो ताप गावात शिरला कुठून आणि पुढच्या भरतीला पुन्हा कुठून शिरेल, हे पाहणे निराळे काम आहे. ते काम एकेकट्याने स्वतःपुरते करता येत नाही. घरात पाणी गाळण्याचे महागडे यंत्र बसवलेल्याची मुलेसुद्धा शाळेत, लग्नाच्या मांडवात, एसटी स्टँडवर सगळ्यांचेच पाणी पितात.

पाण्याचेच पाहू. खारेपाटात विहीर खणली तर बहुधा मचूळ किंवा खारे पाणी लागते, म्हणून गावोगावी पावसाचे पाणी साठवणारी तळी असतात. बाहेरकाठा फुटून तळ्यात खार शिरला, तर शेतीबरोबर पिण्याचे पाणीही जाते. हेटवणे धरण पेण तालुक्यातच आहे. त्याचे पाणी सिडकोमार्फत नवी मुंबईच्या वसाहतींपर्यंत जाते, आणि त्याच तालुक्यात शिर्की, वाशी, वढाव या बाजूच्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. हा प्रश्न पाटबंधारे खात्याचा म्हणून आरोग्याच्या चर्चेतून वगळला जातो, ते चूक आहे. पाणी मोजून वापरावे लागले की पहिल्यांदा हात धुणे सुटते. मग भांडी एकाच पाण्यात दोनदा विसळली जातात, आणि जुलाब झालेल्या मुलाचे कपडे धुवायला वेगळे पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न आईपुढे उभा राहतो. हगवण आणि कावीळ याच फटीतून आत येतात.

या फटीपाशी ग्रामपंचायतीचा एक माणूस उभा असतो. सरकारी कागदावर त्याला जलसुरक्षक म्हणतात. त्याच्या हातातली वस्तू म्हणजे टीसीएल, आपली नेहमीची ब्लीचिंग पावडर. पाण्याच्या मापाने ती काढायची, बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी टाकीत सोडायची. मग निदान अर्धा तास थांबायचे. पाणी गढूळ असेल तर क्लोरिन त्या गाळावरच खर्ची पडतो आणि जंतूंसाठी उरत नाही. म्हणून तपासणी टाकीपाशी करून भागत नाही, गावातल्या शेवटच्या नळाला करावी लागते. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरिन उरलेला आहे. रंग आला नाही, तर वाटेत कुठेतरी पाइप फुटलेला आहे, पावडर कमी पडली आहे किंवा शिळी झाली आहे. ताज्या टीसीएलमध्ये क्लोरिन साधारण ३३ टक्के असतो. पोते उघडे राहिले, त्याला कोकणातली दमट हवा लागली, की तो उडून जातो. मग पांढरी पूड टाकल्याचे समाधान तेवढे मिळते.

ऑर्थोटोलिडीनच्या या तपासणीची, म्हणजे ओटी टेस्टची, रोज वहीत नोंद होते, आणि त्या वहीत सही करून माणूस घरी जातो. त्या दिवशी गावात कोणी आजारी पडत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. एखाद्या अवघड शस्त्रक्रियेइतकाच मान या वहीला मिळायला हवा, कारण ती एकाच दिवशी सगळ्या गावाला पुरते.

बांध सगळ्यांचा असला तरच तो बांध, ही गोष्ट याच रायगड जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून शिकवली आहे. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात ठराव मांडला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव मंजूर झाला. पाणवठा आणि दवाखाना एकाच ठरावात आले होते, हे आज मुद्दाम आठवावे. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह त्या तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. महाडचा लढा माणुसकीच्या हक्काचा होता आणि तो तसाच सांगितला पाहिजे. त्याच्या पोटात आरोग्याचा एक धडाही आहे. ज्याला तळे बंद, त्याला डबक्यावर जावे लागते, आणि डबक्यातली पटकी वेशीपाशी थांबत नाही.

आजची डबकी वेगळ्या ठिकाणी आहेत. रायगडमधली अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वाडी सोडून वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बाळाला गोवराची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायची असते, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. नेमके तेव्हाच घर भट्टीवर असले, तर वाडीच्या यादीत बाळ गैरहजर आणि भट्टीच्या गावात त्याचे नावच नाही. गोवर फार वेगाने पसरतो. लस न घेतलेल्यांच्या वस्तीत एक रुग्ण बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो. म्हणून १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळावे लागतात. हे ९५ जिल्ह्याच्या सरासरीत दिसून उपयोग नसतो, प्रत्येक वाडीत दिसावे लागतात. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतल्या गोवंडीत, तसेच भिवंडीत आणि मालेगावात गोवराची साथ पसरली, मुले दगावली. जिथे बांध खचलेला होता, तिथूनच पाणी आत आले.

याउलट पोलिओत काय झाले? स्टेशनांवर, एसटी स्टँडवर, बांधकामांवर, भट्ट्यांवर पथके उभी राहिली. ज्या मुलाचा पत्ता नाही त्याला रस्त्यात गाठून दोन थेंब पाजायचे आणि बोटाला शाई लावायची. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला. हे यश जितके लसीचे, तितकेच भट्टीवर चालत गेलेल्या पायांचे आहे.

हे पाय कोणाचे असावेत? धरमतर खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातल्या मांडव्याच्या परिसरात या प्रश्नावर एक धीट प्रयोग झाला. डॉ. नोशीर अँटिया हे जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटे ते शस्त्रक्रियेने सरळ करत. हात बिघडल्यावर दुरुस्त करण्यापेक्षा रोग आधीच गावात ओळखला जावा, या विचाराने ते खेड्याकडे वळले. १९७० च्या दशकात त्यांनी मांडव्याच्या गावांतल्या, फारसे शालेय शिक्षण नसलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्वचेवरचा बधिर चट्टा ओळखणे, क्षयाच्या रुग्णाला गोळ्या सोडू न देणे, बाळंतिणीकडे आणि मुलांकडे लक्ष ठेवणे ही कामे या बायका उत्तम करू लागल्या. गावाला त्यांचे म्हणणे पटे, कारण त्या गावातल्याच होत्या. पुढे स्थानिक राजकारणाच्या विरोधापुढे हा प्रकल्प बंद करावा लागला. गावाच्या हाती आरोग्याची किल्ली आली की कोणाच्या तरी हातची सुटते, हे मांडव्याने उघड केले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्त्या आल्या, तेव्हा तीच कल्पना देशभर सरकारी रूपात उभी राहिली. गावातलीच बाई, घरोघर जाणारी, नावानिशी ओळखणारी. तिला नियमित पगार मात्र नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. तो वाढावा आणि वेळेवर मिळावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये संपावर जावे लागले. जिच्या भरवशावर लसीकरणाची यादी उभी, तिलाच अर्धवट मजुरीवर राबवणे हा अन्याय आहे, आणि गावाच्या दृष्टीने धोकाही.

गडबच्या माणसाचे आरोग्य अर्थातच तळ्यावर आणि लसीवर संपत नाही. दाराशी महामार्ग आहे. त्याच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. खड्डे, वळवलेले रस्ते आणि अंधार हीही रोगाचीच कारणे मानली पाहिजेत. शेजारी डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे, तेव्हा हवेतली धूळ रोज मोजली जाणे आणि ते आकडे गावाला मराठीत वाचता येणे, हा इथल्या लोकांचा साधा हक्क आहे. पावसात भाताच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती असते. पायाला जखम असेल तर ती झाकणे आणि ताप अंगावर न काढता पहिल्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठणे, एवढ्यानेही जीव वाचतो.

सरकार आणि गाव यांपैकी एकावर सगळे सोपवून चालणार नाही. दगड, पैसा, लस आणि प्रयोगशाळा सरकारनेच द्यायची असते, जोळीच्या श्रमांतून धरणाची पाइपलाइन येत नाही. पण खांड पहिल्यांदा दिसते ती बांधावरून चालणाऱ्याला. तो बघायचा थांबला की खात्याला कळेपर्यंत भरती येऊन गेलेली असते.

बघण्याची सोय सरकारी चौकटीतही आहे, फक्त ती वापरावी लागते. महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांचे सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पहिली फेरी एप्रिलमधली. तिच्या पाठोपाठ १ मेची ग्रामसभा येते. कार्ड कोणत्या रंगाचे आले, लाल असेल तर कोणत्या विहिरीमुळे किंवा कोणत्या फुटक्या पाइपमुळे, टीसीएलचा साठा किती आणि कधीचा, शेवटच्या नळाची ओटी टेस्ट गेल्या महिन्यात किती दिवस झाली, भट्टीवरून परतलेल्या किती मुलांचे डोस राहिले आहेत, हे सगळे त्या सभेत विचारता येते आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेता येते.