चालकाच्या उशाशी शस्त्र

गेल्या कार्तिकात एका गावी आमचे कीर्तन झाले. आरती झाली, बुक्का लावून झाला, मंडळी पांगली. एक म्हातारे गृहस्थ मात्र खांबाशी बसून राहिले. जवळ येऊन म्हणाले, “महाराज, एक विचारू का? धाकटा पोरगा अमेरिकेत मोठा ट्रक चालवतो. आता तिकडचाच झालाय. चार-चार दिवस गाडीतच निजतो. परवा फोनवर म्हणाला, पिस्तूल घेऊ का? त्याची आई नको म्हणती. मी काय सांगू?” आम्ही म्हणालो, “माउली, देवावर भार घाला.” ते नमस्कार करून गेले. पण वाटेने आमचे आम्हांसच वाटू लागले, की हे उत्तर नव्हे; उत्तर टाळण्याची ही एक गोड रीत झाली. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. घरास आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र घेऊन अंगावर येणारा, आणि धन, शेत वा स्त्री हरण करणारा, असे सहा आततायी सांगितले आहेत. चालून येणाऱ्या आततायीस मारण्यात दोष नाही, मग तो गुरू असो की वृद्ध, असे मनूचे म्हणणे आहे. एवढे ऐकून कोणी टाळी वाजवील, की झाले, पिस्तूल शास्त्रसिद्ध! पण जरा थांबा. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराची मिताक्षरा टीका आहे. आततायी हा ब्राह्मणासारखा त्या काळी अवध्य मानलेला असला तर काय करावे, हा प्रश्न तेथे निघाला आहे. विज्ञानेश्वर म्हणतो, की ठार मारण्याचा हेतू मनात न धरता केवळ आत्मरक्षणासाठी निवारण करीत असता तो चुकून मेला, तर अल्प प्रायश्चित्त, राजदंड नाही. आम्ही तर म्हणतो, त्याने जे अवध्यापुरते सांगितले ते आज प्रत्येक मनुष्याला लावावे. निवारण निराळे आणि वध निराळा. हात कशासाठी उचलला, यावर धर्म-अधर्म ठरतो. आपल्याकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आत्मरक्षणाचा अधिकार जुन्या दंडसंहितेप्रमाणेच राखला आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करू नये, ही मर्यादा घालून.

तेव्हा शस्त्र जवळ ठेवणे हे मुळातच पाप, असे आम्हांस म्हणता येत नाही. ज्याच्या दाराला कडी आहे, गल्लीत शेजारी आहे, त्याने रानात एकट्या निजणाऱ्याला अहिंसेचा उपदेश करणे फार सोपे आहे.

आता त्या मुलाची अडचण पाहा. ट्रकवाला आज एका राज्यात, उद्या दुसऱ्यात. टेक्सासमध्ये २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्यावाचून पिस्तूल बाळगता येते. न्यू जर्सीत परवान्यावाचून बाळगले तर वर्षानुवर्षांचा तुरुंग. शस्त्र घेऊन राज्याराज्यांतून पार जाणाऱ्यासाठी १९८६चा एक केंद्रीय कायदा आहे. पण त्याची अट अशी, की पिस्तूल रिकामे असावे, ते व गोळ्या दोन्ही सहज हाती येणार नाहीत अशा ठिकाणी असाव्यात. गाडीला निराळा कप्पा नसेल तर कुलूपबंद पेटीत. म्हणजे प्रवासात ज्या रीतीने ते हमखास कायदेशीर राहते, त्या रीतीने ते संकटाच्या घटकेला उपयोगी पडत नाही. आणि उपयोगी पडावे असे ठेवले, तर पुढच्या राज्याच्या सीमेवर हाच मुलगा गुन्हेगार ठरावयाचा. शिवाय पुष्कळ कंपन्या गाडीत शस्त्र ठेवूच देत नाहीत.

आणि समजा, कायदाही आड आला नाही. तरी झोपेचे काय? महाभारतातले सौप्तिक पर्व आठवा. पांडवांच्या शिबिरात शस्त्रांना काय तोटा होता? धृष्टद्युम्नासारखा सेनापती, द्रौपदीचे पाच पुत्र, सारे वीरच. पण अश्वत्थामा रात्री शिरला आणि त्यांची शस्त्रे त्यांना वाचवू शकली नाहीत. अहो, धनी निजला की त्याचे शस्त्रही निजते! निजलेल्याला शस्त्र राखीत नाही. त्याला भिंत राखते, दिवा राखतो, जागा असलेला दुसरा माणूस राखतो.

येथे खरा प्रश्न हाती लागतो. २००९च्या मार्च महिन्यात जेसन रिव्हनबर्ग नावाचा चालक दूध घेऊन साउथ कॅरोलायना राज्यात गेला होता. माल उतरवण्याच्या वेळेच्या आधी पोहोचला, म्हणून आत घेण्याची सोय नव्हती. जवळपास थांबायला सुरक्षित जागा नव्हती. तेव्हा एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर त्याने गाडी लावली. तेथे लुटारूने त्याला गोळी घालून मारले. लुटीत मिळाले किती? सात डॉलर. घरी पत्नीच्या पोटी जुळी मुले होती. त्या माउलीने व इतरांनी आवाज उठवला, तेव्हा २०१२ साली ‘जेसनचा कायदा’ झाला. तो कायदा बंदुकीचा नव्हे. ट्रक थांबवण्याच्या सुरक्षित जागांचा आहे. जिचे सौभाग्य गेले तिने सर्वांसाठी मागितला तो निवारा. यातले मर्म ध्यानी घ्यावे.

तेथे नियम असा, की अकरा तास गाडी हाकली की दहा तास विसावा घेतलाच पाहिजे. नियम चांगला आहे. दमलेला चालक स्वतःला आणि दुसऱ्यालाही मारतो. पण थांब म्हणावयाचे आणि कोठे थांबू ते सांगावयाचे नाही, हा कोठला न्याय? त्या कायद्याने सरकारने पाहणी केली. २०१५ साली तिचा अहवाल निघाला, त्यात शंभरात पंचाहत्तरांहून अधिक चालकांनी सांगितले, की विसाव्याच्या वेळी सुरक्षित जागा मिळणे नेहमीच कठीण जाते. फाटक लावून घेणारा आत सुखाने निजतो, आणि बाहेरच्याच्या हाती पिस्तूल दिसले की त्यालाच हिंसक म्हणतो!

दूरदेशीच्या लोकांना आम्ही बोल लावतो आहोत असे कोणी समजू नये. पुष्कळ वर्षांमागे आमच्या दिंडीबरोबर सामानाचा ट्रक होता. रात्री आम्ही सारे देवळाच्या ओवरीत, आणि ड्रायव्हर मात्र रस्त्याकडेला केबिनमध्ये. एकदा पहाटे पाहिले, तर त्याच्या उशाशी लोखंडी टॉमी. आम्ही हसून म्हणालो, “काय बाबा, कोणाला मारणार?” तो म्हणाला, “मारायचं कुणाला महाराज, झोप लागावी म्हणून ठेवतो.” आम्ही तेव्हा हसण्यावारी नेले. त्याला आत बोलावावे, आपल्यातले दोघे आळीपाळीने गाडीपाशी जागवावे, हे कोणाच्या मनात आले नाही. रात्री कीर्तनात आम्ही भूतदयेवरच बोललो होतो. ती टॉमी आम्हांस आजही टोचते.

त्या गृहस्थांना आता आम्ही असे सांगू. मुलाने शस्त्र घेतले तर तो पापी नव्हे. पण जेथे राज्याचा कायदा नाही म्हणतो तेथे घेऊ नये. मालासाठी तर ते कधीच उचलू नये. माल दुसऱ्याचा, त्याला विमा असतो. किल्ली मागणाऱ्याला किल्ली द्यावी. जिवावरच बेतले तर निवारणापुरतेच वापरावे, आणि तो मेलाच तर त्याची फुशारकी मारू नये. सगळ्यांत आधी त्याने मालकाला विचारावे, “मी रात्री कोठे निजू?” हा प्रश्न त्याच्याबरोबर आपण सर्वांनी विचारावयाचा आहे. आपल्या गावचा कांदा, साखर, औषधे वाहणारा कोणी आज रात्री आपल्याही फाटकाबाहेर निजला असेल. त्याला आत घ्या, दिवा लावा, पाणी दाखवा. मग त्याच्या उशाशी काय असावे, हा प्रश्न निम्मा तरी सुटेल.

असो. त्या गृहस्थांचे गाव आम्हांस ठाऊक आहे. पुढल्या खेपेस त्यांच्या घरी आम्ही आपण होऊन जाऊ.